शनिवारचा पगार कुठे ठेवायचा? एक खातं, दोन खाती आणि यूपीआय लाइट

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. शनिवार हा आमच्याकडे वाटपाचा दिवस. घरी शिवणाऱ्या बायका गठ्ठे जमा करतात, नग मोजले जातात आणि त्याप्रमाणे पैसे दिले जातात. पूर्वी पाकिटात द्यायचो, आता बहुतेकींना यूपीआयने पाठवतो.

आमच्याच गल्लीतल्या एक वहिनी शर्टांचं काम घेतात. परवा गठ्ठा ठेवताना त्यांनी विचारलं, "भावजी, सगळं एकाच खात्यात आहे. शिलाईचे, ह्यांच्या लूमचे, पोरीच्या कॉलेजचे पण. आणि तेच खातं फोनमध्ये. दुसरं काढू का फोनपेच काढून टाकू?"

गेटवर उभं राहून उत्तर देता येईना. दोन रविवार त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही एकेक पर्याय ताडून पाहिला. तोच हिशेब इथे मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: दोन खाती. पण नुसती दोन खाती काढून भागत नाही, ते पुढे येईल.

सगळं एकाच खात्यात

याची बाजू अगदीच लंगडी नाही. एक पासबुक, एक कार्ड, एक पिन. कुठल्या खात्यात किती उरले ते शोधत बसायला नको. महिन्याकाठी सगळं खर्चूनच जात असेल आणि खात्यात चार-पाच हजारांच्या वर कधी उरतच नसेल, तर दुसऱ्या खात्याची उठाठेव करू नका. खरंच नको.

वहिनींचं तसं नव्हतं. भिशीचे आलेले आणि थोडे थोडे साठवलेले मिळून त्यांच्याकडे पावणेदोन लाख होते. यूपीआयने साधारणपणे दिवसाला एक लाखापर्यंत पैसे जातात. म्हणजे रात्री पावणेबारा आणि सव्वाबारा असे दोन दिवस धरले, तर अर्ध्या तासात खातं धुवून निघू शकतं.

आणि पैसे गेले तर बँक देईल, या भरवशावर बसू नका. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी डल्ला मारलाय, आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तक्रार केलीत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही बोजा नाही. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असाच नियम लागू झाला. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेला पैसा तुमचाच गेला. फसवणुकीत बहुतेक वेळा होतं नेमकं हेच. माणूस स्वतःच्या हाताने पिन टाकतो.

"पैसे यायला पिन लागत नाही" हे वहिनींना पाठ होतं. तरी मागे जुनी शिलाई मशीन विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, "क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, ॲडव्हान्स येईल." त्यांनी स्कॅन केलंसुद्धा. समोर पिनचे ठिपके आले तेव्हा हात थांबला. ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयवर पैशाची मागणी पाठवण्याची सोयच बंद झाली आहे, ते एक बरं झालं. क्यूआरचा डाव मात्र चालूच आहे.

दुसरा धोका व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाइलींचा. लग्नपत्रिका, ट्रॅफिकचं चलन, गॅसचं कनेक्शन, नाव काहीही असो, शेवटी एपीके असतं, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. ती फाइल फोनमध्ये बसली की मेसेज वाचते, ओटीपी परस्पर पुढे पाठवते. आपल्याकडे लग्नसराईत दिवसाला चार पत्रिका येतात; त्यातली पाचवी कोण तपासतंय?

एका खात्याचा तिसरा तोटा लोकांच्या लक्षातच येत नाही. माझ्या मावसभावाचं नवी पेठेत मोबाइलच्या कव्हर-चार्जरचं छोटं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाने अठराशे रुपये यूपीआयने दिले, माल घेतला, गेला. दोन आठवड्यांनी भावाच्या खात्याला होल्ड लागला, म्हणजे त्यातले पैसे काढता येईनात. ते अठराशे दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी फसवणुकीच्या साखळीतून फिरत आले होते. याचा त्यात काही संबंध नाही, पण त्या खात्यातून दुकानाचं भाडं जात होतं, घरचा हप्ताही तिथूनच. बँक म्हणाली, पोलिसांचं पत्र आणा. ते पोलीस ठाणं बाराशे किलोमीटरवर. सुटायला सात आठवडे लागले, तोपर्यंत भावाचं घर त्याच्या बायकोच्या माहेरच्या पैशांवर चाललं. चूक शून्य, अडकलं सगळं. अनोळखी माणसांकडून पैसे घेणाऱ्याने, मग तो भाजीवाला असो की शिकवणीवाली, फक्त एवढ्यासाठी तरी घेण्याचं खातं वेगळं ठेवावं.

दोन खाती

एक गल्ल्याचं, एक तिजोरीचं. शिलाईचे पैसे गल्ल्यात येतात, फोन गल्ल्याला जोडलेला, आणि महिन्यातून एकदा उरलेलं तिजोरीत ढकलायचं. तिजोरीच्या खात्याला यूपीआय नाही, नेट बँकिंग नाही, कार्ड कपाटात.

इथपर्यंत सगळेच सांगतात. आता खोच कुठे आहे ते बघा. यूपीआय चालतं ते बँकेत नोंदवलेल्या मोबाइल नंबरावर. दोन्ही खात्यांना तुमचा एकच नंबर असेल, तर तुम्ही जोडलं नाही म्हणून तिजोरीचं खातं जोडलंच जाणार नाही, असं नसतं. कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि ओटीपी, किंवा आधारचा ओटीपी, एवढं हाती लागलं की पिन नव्याने बनवता येतो. म्हणजे खाती दोन, पण नंबर एकच असेल तर मधली भिंत अर्धीच बांधलेली.

वहिनींच्या घरात सासऱ्यांचा बटणांचा फोन पडून होता. त्यातला नंबर वहिनींच्याच नावावर निघाला. तो तिजोरीच्या खात्याला लावला. त्या फोनवर व्हॉट्सॲप नाही, लग्नपत्रिका येत नाही, एपीके बसत नाही. यात एक कटकट आहे. तो नंबर जिवंत ठेवावा लागतो. रिचार्ज न करता, न वापरता तीन महिने पडला तर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळूही शकतो. मग तुमच्या खात्याचे मेसेज त्याच्या खिशात. रिचार्जची तारीख लक्षात राहत नसेल, तर या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा नंबर एकच ठेवा आणि बँकेत अर्ज देऊन त्या खात्याचं कार्ड आणि मोबाइल बँकिंग बंद करून घ्या.

दुसरं खातं कुठे काढायचं? किमान शिल्लक हा लोकांचा पहिला प्रश्न. स्टेट बँकेने ती अट २०२० मध्येच काढली. शिवाय कुठल्याही बँकेत बेसिक बचत खातं मिळतं, त्याला किमान शिल्लक नसते. फक्त एक मेख आहे: एखाद्या बँकेत बेसिक खातं असेल तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. तेव्हा बेसिक काढायचं तर वेगळ्या बँकेत काढा.

सोलापुरात सहकारी बँका आणि पतसंस्था भरपूर, आणि माणसं तिथे ओळखीने जातात. शाखेतला कारकून नावाने हाक मारतो, त्याचं मोल मला कळतं. पण दोन्हींत फरक आहे. बँक सहकारी असली तरी ठेव विम्याचं कवच असतं: एका बँकेत एका माणसाचं मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ही मर्यादा एकच लाख होती. इथल्याच एका सहकारी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, तेव्हा विमा म्हणजे काय ते अनेकांना पहिल्यांदा कळलं. पतसंस्थेला हा विमा नाही. अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून पोरीची फी पतसंस्थेत ठेवायची का, यावर वहिनींच्या मिस्टरांशी माझा वाद झाला. मी अजूनही नकोच म्हणेन.

यूपीआय लाइट

हा पर्याय वहिनींना माहीतच नव्हता, आणि सगळ्यात जास्त आवडला तोच.

सकाळी लक्ष्मी मंडईत जाऊन बघा. कोथिंबिरीची जुडी दहा, मिरची दहा, लिंबं दहा. तिन्हीकडे पिन टाकायचा, तोही एका हातात पिशवी आणि मागून धक्के. शेजारचा माणूस आपल्या पिनकडे बघतोय की कांद्याकडे, कळत नाही. लाइटमध्ये आपण आधीच थोडे पैसे बाजूला काढून ठेवतो आणि मग छोटे खर्च पिनशिवाय होतात. एका वेळी एक हजारापर्यंत, आणि एकूण साठा पाच हजारांपर्यंत. २०२२ मध्ये सुरू झालं तेव्हा एका वेळी दोनशेच जायचे.

दोन खात्यांशी ताडून पाहिलं तर लाइटचा फायदा असा की नवं खातं नको, बँकेचा हेलपाटा नको. बुडालंच तर साठा बुडेल, बाकीचं नाही. पासबुकही मोकळं राहतं. वहिनींच्या पासबुकात दहा-वीसच्या एन्ट्र्यांनी पानंच्या पानं भरली होती. लाइटमध्ये फक्त भरलेल्या रकमेची एक ओळ येते.

तोटाही तिथेच. खर्चाचा तपशील बँकेच्या कागदात येत नाही, तो ॲपमध्येच बघावा लागतो. त्या पैशांवर व्याज नाही. पिन नाही म्हणजे फोन उघडा सापडला तर साठा गेलाच समजा, म्हणून फोनला आणि ॲपला कुलूप हवंच. साठा संपला की आपोआप भरणारी सोय असते, ती लावू नका. लावली की पाच हजारांची मर्यादा नावालाच उरते. आणि फोन बदलण्याआधी उरलेले पैसे खात्यात परत घ्या.

मूळ खातं यूपीआयला जोडलेलं राहतंच, हे मात्र विसरायचं नाही. लाइटने पिन टाकायची वेळ कमी येते, मोठी रक्कम दूर जात नाही. तेव्हा लाइट हा दोन खात्यांना पर्याय नव्हे. गल्ल्याच्या खात्यावर लाइट, ही जोडी उत्तम.

रोकड

थोडक्यात सांगतो, कारण यात नवं काही नाही. पाकीट मारलं तर पाकिटातलं जातं, खातं जात नाही. इथल्या गड्डा यात्रेत होम मैदानावर रेंज जाते आणि पाळण्याच्या रांगेत यूपीआयवाले एकमेकांची तोंडं बघतात, तेव्हा खिशातली शंभराची नोट राजा. सोलापूर महानगरांच्या यादीत नसल्यामुळे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, स्वतःच्या बँकेचे पाच वेगळे. पुढे दर वेळी २३ रुपये आणि कर. पण रोकड घरात असली की खर्च होते. वहिनी स्वतःच म्हणाल्या, "डब्यातले राहत नाहीत हो."

सासूबाईंचं काय?

त्यांना दूध-औषधाला फोनवरून पैसे द्यायचेत, पण खातं हाताळायचं नाही. यूपीआय सर्कल अशासाठीच आहे. खातं वहिनींचं, फोन सासूबाईंचा. एका प्रकारात प्रत्येक खर्चाला वहिनींची मंजुरी लागते; दुसऱ्यात महिन्याला जास्तीत जास्त पंधरा हजार आणि एका वेळी पाच हजार अशी मर्यादा ठरवून मोकळीक देता येते. मी मंजुरीवालाच प्रकार सुचवला. सासूबाई मात्र रुसल्या: "औषधाच्या गोळीलापण सुनेला विचारू का?" मग महिन्याला दोन हजारांची मोकळीक ठरली. तडजोड वाईट नाही.

एक धोका असा, की वरच्या कशानेच तो टळत नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस येतो, तुमच्या नावाने पार्सल सापडलंय म्हणतो, "डिजिटल अरेस्ट" केलंय म्हणतो, कॅमेरा बंद करू देत नाही. अशी अटक कायद्यात नाहीच. पण घाबरलेला माणूस स्वतः बँकेत जाऊन ठेव मोडतो आणि आरटीजीएस करून, म्हणजे मोठी रक्कम थेट त्यांच्या खात्यात पाठवून, येतो. तिथे दोन खात्यांचा एवढाच उपयोग, की तिजोरीचं खातं फोनवर नसल्यामुळे माणसाला घराबाहेर पडावं लागतं. रिक्षात बसेपर्यंत कुणीतरी विचारतं, कुठं निघालात.

पैसे गेलेच तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला. हा क्रम कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवता आले तरच परत मिळायची आशा असते, म्हणून "संध्याकाळी ह्यांना विचारून करते" असं नको.

वहिनींनी शेवटी स्टेट बँकेत दुसरं खातं काढलं, पण उलटं. जुनं खातं तिजोरी केलं, कारण लूमचा पगार आणि पोरीची शिष्यवृत्ती त्यातच येते, आणि बटणांच्या फोनचा नंबर त्याला लावला. नवं झालं गल्ला. मला हे सुचलं नव्हतं. बँकेत तीन हेलपाटे झाले, एकदा सही जुळली नाही म्हणून.

परवाच्या शनिवारी गठ्ठा ठेवून म्हणाल्या, "नवीन खात्यावर टाका." मी वहीत जुना आयडी खोडला, नवा लिहिला आणि आधी एक रुपया पाठवला. नाव बरोबर आलं.

"आला का?"

"आला. बाकीचे चौदाशे एकोणसाठ पण टाका की आता."