किडनी दिल्यावर घरी ठेवलेल्या मावशी : ब्युरोच्या सेवेचा माझा अनुभव

ह्यांना माझी किडनी द्यायची ठरलं तेव्हा मी एक वही केली होती. तपासण्या, कागदपत्रं, दानाच्या परवानगीसाठीची मुलाखत, पैसे, रजा, सगळं त्यात. केंद्र सरकारी नोकरी असल्यामुळे २०२३ च्या आदेशानुसार अवयवदात्याला मिळणारी ४२ दिवसांची विशेष नैमित्तिक रजाही मंजूर करून घेतली. राहिलं ते एवढंच, की घरी आल्यावर माझं कोण करणार?

देणाऱ्याला लवकर सोडतात. माझं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं आणि चौथ्या दिवशी मी सिंहगड रोडच्या आमच्या घरी. हे अजून हॉस्पिटलातच. लेक त्यांच्यापाशी, दीर औषधांच्या धावपळीत, घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. सगळ्यांचा जीव ह्यांच्यात अडकलेला, आणि ते बरोबरच होतं. पण पाण्याचा तांब्या घ्यायला वाकावं म्हटलं तर पोटात कळ यायची आणि हाक मारायला जवळ कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी मी ब्युरोला, म्हणजे आजारी माणसाचं करायला घरी पगारी मावशी पाठवणाऱ्या संस्थेला, फोन केला.

फोनवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कोण?" मी म्हटलं, "मी." "आणि किडनी कुणाला बसवली?" "मिस्टरांना." "मग पेशंट मिस्टर ना?" हे त्यांना समजावताना मला रडू आलं. त्यांच्या फॉर्ममध्ये पेशंटची एकच जागा होती. बारा तासांच्या ड्युटीचे दिवसाला नऊशे रुपये, पंधरा दिवसांचे आगाऊ, असं ठरलं. आमच्या मेडिक्लेममध्ये माझा हॉस्पिटलचा खर्च बसला, घरच्या मावशींचा नाही.

पहिल्या ज्या मावशी आल्या त्या खोकत होत्या. चार-पाच दिवसांत हे घरी येणार, नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवलेली. अशा घरात खोकला असलेलं माणूस चालतच नाही. त्यात दुपारी माझा खांदा दुखायला लागला. ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात, त्याने खांद्यात अशी कळ येते, हे मला हॉस्पिटलात सांगितलं होतं. मावशींनी मायेने पिशवीतून अंगदुखीची गोळी काढून पुढे केली. मी पाकीट उलटं करून वाचलं : डायक्लोफिनॅक. एकाच किडनीवर असलेल्या माणसाला या जातीच्या गोळ्या टाळायला सांगतात. मला पॅरासिटामॉल लिहून दिलेली होती, तेवढीच घ्यायची. मावशींना दोष देणार नाही, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ते काम ब्युरोचं होतं. म्हणून ब्युरोचा पाचपैकी एक गुण इथे कापते. ब्युरोचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे चांगलं झालं तेही त्यांच्यामुळेच झालं.

त्याच रात्री मी तक्रार केली आणि सकाळी दुसऱ्या मावशी दारात. आल्या आल्या साबणाने हात धुतले, मास्क लावला आणि म्हणाल्या, "ताई, उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग कोपरावर जोर द्या." त्यांचा एक हात माझ्या पाठीशी, दुसरा खांद्याखाली, आणि ओढणं अजिबात नाही. चार दिवसांत पहिल्यांदा मी डोळ्यांत पाणी न येता बसले. खोकला आला की पोटाशी धरायला त्यांनी टॉवेलची घट्ट घडी करून उशाशी ठेवली. ती घडी मी पुढे तीन आठवडे सोडली नाही. दिवसातून सहा वेळा मला पॅसेजमध्ये चालवायच्या, दर वेळी एक फेरी वाढवून. पोट साफ होत नव्हतं तेव्हा शेजारच्या काकूंनी काढा आणून दिला. मावशी म्हणाल्या, "ताई, आधी हॉस्पिटलात विचारू." आम्ही हॉस्पिटलातल्या किडनी प्रत्यारोपणाचं सगळं जुळवून आणणाऱ्या कोऑर्डिनेटरना फोन केला. त्यांनी काढा नको म्हणून सांगितलं आणि डॉक्टरांना विचारून औषध कळवलं.

हे घरी आल्यावर मात्र पुन्हा ताण झाला. ब्युरोचं म्हणणं, मावशी एकच आहेत तर दोघांचं बघतील. नाही बघता येत. ह्यांची औषधं घड्याळाच्या काट्यावर, लघवीचं माप लिहायचं, जेवण ताजं आणि वेगळं. या सगळ्यात माझी आंघोळ संध्याकाळी पाचला व्हायला लागली. तिसऱ्या दिवशी लेकाने ह्यांच्यासाठी वेगळी माणसं लावली. तुमच्याकडे असा प्रसंग असेल तर ब्युरोला पहिल्याच फोनवर ठणकावून सांगा : दोन पेशंट, दोन मावशी. आणि देणाऱ्याच्या मावशी ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा, डिस्चार्जच्या दिवशी शोधू नका. मला सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नव्हतं. म्हणजे भरलेली बादली नाही, गव्हाचा डबा नाही. पंधरा दिवस पुरले नाहीत, मी आणखी दहा दिवस वाढवले.

ब्युरोला पाचपैकी तीन गुण, मावशींना पाच. पहिल्या दिवसाचे नऊशे रुपये परत करतो म्हणाले होते, ते अजून आलेले नाहीत. मावशी मात्र परवा माझा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी नीट चालते का ते दाखवणारा रक्ताचा, रिपोर्ट कसा आला ते विचारायला स्वतःहून येऊन गेल्या.