खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला कुठे ठेवावं: लिफ्टच्या घरी की तिच्या घरी?

पडून आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनमध्ये सांध्याचा बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचं गोल टोक, बदलला, दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभंही केलं. डिस्चार्जच्या वेळी प्रश्न आला, न्यायचं कुठे? नौपाड्यात तिचं स्वतःचं घर, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. खारघरला भावाकडे लिफ्ट, कमोड, मोकळी जागा. दोन्हीकडे राहून झालं, म्हणून लिहिते आहे.

पहिले दीडदोन महिने खारघरच योग्य होतं. टाके, एक्सरे, तपासणी, सारखं खाली उतरावं लागतं. शिवाय डॉक्टरांनी खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, मांडी घालायची नाही असं बजावलं होतं. कमोडवर उंची वाढवणारी सीट आणि शेजारी धरायला दांडी, एवढ्यावर भागलं.

पण तिथे आई पेशंटच राहिली. पाणी हातात, ताट हातात, "आई, तुम्ही बसा हो." वहिनीची मायाच ती. चालायला यायला लागलं तरी आई तहान लागली की हाक मारायची.

म्हणून दोन महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, नौपाड्याला आणलं. त्याआधी संडासात कमोड खुर्ची ठेवली, पायपुसणी उचलली, रात्रीचा दिवा लावला. जिन्यासाठी फिजिओने चार-चार पायऱ्यांची सवय करून घेतली होती: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. वॉकर वर नेऊन ठेवला, मजल्यामजल्यावर खुर्ची.

दुसऱ्याच दिवशी तिने चहा केला. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, कप न्यायचा कसा? तिने ओट्यापाशी उंच स्टूल ठेवायला लावलं आणि तिथेच बसून प्यायली. वॉकरला कापडी पिशवी बांधली. त्यात चष्मा, मोबाइल, झाकणाची बाटली. खारघरला हे कुणाला सुचलं नाही, कारण गरजच पडली नाही.

रात्री सोबतीला कुणी नसेल, विसरभोळेपणा असेल किंवा पायावर पूर्ण भार द्यायची परवानगी नसेल, तर मात्र लिफ्टचं घर सोडू नका. आणि कुठेही ठेवा, हाडांच्या ठिसूळपणाचे उपचार डॉक्टरांना आठवणीने विचारा; टाके निघाले की ते मागे पडतं.

जिना आधी स्वतः चढून बघा. आमच्याकडे कठडा एकाच बाजूला होता, चढताना ती ज्या हाताने तो धरायची, तो हात उतरताना रिकामा राहायचा. भिंतीकडून पाइप बसवून घेतला, तेव्हा ती एकटी खाली भाजी घ्यायला गेली.