जुलैत जाडं पुस्तक न देणारं वाचनालय

जून संपला की आमच्या ऑफिसात दोनच विषय. इन्कमटॅक्सचं पोर्टल चालतंय का, आणि ‘अर्धं वर्ष गेलं, तुमचं किती झालं?’ हा दुसरा विषय आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए व्हायला आमच्याकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा. त्यांच्यातल्या एकीच्या फोनमध्ये वाचनाचं ॲप आहे. जानेवारीत त्यात आकडा भरायचा, मग ते वर्षभर सांगत बसतं की तुम्ही सात पुस्तकं मागे आहात. मागे म्हणजे कोणाच्या? मी सीएच्या फर्ममध्ये अकाउंट्स बघते, माझं वर्ष एप्रिलला सुरू होतं. माझ्या हिशेबाने जूनअखेर ही नुसती पहिली तिमाही. मागे पडायला आम्हाला जीएसटीच्या तारखा पुरतात, दर महिन्याची अकरा आणि वीस. मजेसाठी वाचायचं, त्यालाही टार्गेट लावून घ्यायचं हे काही मला झेपत नाही. ती पोरगी हल्ली दुकानात पुस्तक उचललं की आधी पानं किती ते बघते. कमी असली तर घेते.

तर ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका खासगी वाचनालयाबद्दल लिहायचं आहे. नाव लिहिणार नाही, कारण काउंटरवरच्या काकांनीच मना केलंय. “मॅडम, लिहा खुशाल, पण नाव नको. आणखी माणसं आली तर उभी कुठे करू?” जागा खरंच तेवढीच आहे. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, जुन्या इमारतीचा पहिला मजला, दोन खोल्या. लिफ्ट नाही आणि जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखत असतील तर विचार करून चढा.

ठाण्यात वाचनालयांची वाण नाही. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी 1893 साली स्थापन केलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्याच गावात आहे. जुनं, दुर्मिळ काही हवं असेल तर पहिलं पाऊल तिकडेच टाकावं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असा दर्जा आणि सरकारी अनुदान असलेली वाचनालयंही आहेत. हे मात्र त्यातलं नाही. वर्गणीवर चालणारं, संध्याकाळी पुस्तक बदलायला जायचं, त्या जातीचं. अनामत पाचशे, महिना दीडशे, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. पंधरा दिवसांनंतर रोज एक रुपया दंड. यूपीआय चालतं, पण दंड रोखच द्यावा लागतो. दंडाचा डबा वेगळा आहे आणि त्यातून चहा येतो म्हणे.

मी वाशीला सेक्टर 17 मध्ये नोकरी करते. ट्रान्स-हार्बरने अर्ध्या तासाचा प्रवास. सकाळी ठाण्याला गाडी भरते ती ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या आयटीवाल्यांनी. पुस्तक सोडा, पदर सावरायला हात वर नेता येत नाही. घणसोली गेलं की डबा मोकळा होतो आणि तुर्भ्यापर्यंत चार-पाच पानं होतात. खरं वाचन परतीचं. वाशीहून सुटणारी गाडी मिळाली तर खिडकी मिळते, मग ठाण्यापर्यंत कोणी काही विचारत नाही. म्हणून पुस्तक हातात मावणारं लागतं, आणि अशा जागी मिटता यावं लागतं की एखाद्या दिवशी धागा तुटला तरी चिडचिड होऊ नये.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला काकांनीच विचारलं, “तुम्ही सीए का हो?”

“नाही, सीएकडे असते.”

“मग जुलैत हे नेऊ नका.” माझ्या हातात चांगली सहाशे पानी ऐतिहासिक कादंबरी होती. त्यांनी ती काढून घेतली, वेगळी ठेवली, आणि कथासंग्रह पुढे सरकवला. “एकतीस जुलैपर्यंत हे. एका बैठकीत एक गोष्ट. ती ऑगस्टमध्ये न्या, मी राखून ठेवतो.”

खरंच ठेवली. मोठ्या रबरबँडखाली माझ्या सभासद क्रमांकाची चिठ्ठी लावून. एकतीस जुलैची इन्कमटॅक्स रिटर्न्सची गर्दी ओसरली, राखीपौर्णिमेच्या आसपास मी गेले तर कपाटाच्या वरच्या फळीवर तशीच. भिंतीवर रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांची फ्रेम आहे. त्यातलं एक, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. फ्रेमची काच तडकलेली आहे, मजकूर मात्र पाळला जातो. ऑनलाइन दुकानं ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून जे काही पुढे करतात, त्यांना माझी एकतीस जुलै कशी कळणार?

आता तक्रारी. सगळ्यात मोठी बाइंडिंगची. जुनी पुस्तकं खिळखिळी झाली की बाइंडरकडे जातात आणि तो इतकं आत शिवतो की आतला समास गायब. डाव्या पानावरच्या ओळींची शेवटची दोन अक्षरं शिवणीत जातात. अंगठ्याने पान दाबून, पुस्तक तिरकं धरून ‘होत्या’ की ‘होत्या का’ ते बघायचं, आणि जरा जोर दिला की कडक झालेलं पान कडेने फाटतं. गाडीत एका हाताने हा उद्योग होत नाही. काकांना म्हटलं तर म्हणाले, बाइंडर आता मिळतोय हेच खूप. बरोबर असेलही, पण एका कादंबरीचं तर शेवटचं पानच शिवणीबाहेर राहून गळलेलं होतं. खून कोणी केला ते मला एका आजोबांनी तोंडी सांगितलं.

पावसाळ्यात वास येतो, कसरीचे किडे पुठ्ठ्यातून निघतात. घरी आणलं की अर्धा तास पंख्याखाली उघडं ठेवावं. नवीन पुस्तकं वर्षभराने येतात. इंग्रजी आणि लहान मुलांचा विभाग अगदीच यथातथा, तेवढ्यासाठी जाऊ नका.

पण जुन्या पुस्तकांत जो ऐवज आहे तो नव्याकोऱ्यात मिळणार नाही. पूर्वीच्या सभासदांच्या खुणा. हे पुस्तक आपण वाचलंय हे लक्षात राहावं म्हणून एकेकाने ठराविक पानावर आपली खूण करून ठेवलेली असते. एकवीस नंबरच्या पानावर कोणाचा तरी बारीक त्रिकोण आहे, जवळजवळ प्रत्येक प्रवासवर्णनात. सत्तावन्नवर एक ‘श्री’ आहे, ती बाई फक्त सामाजिक कादंबऱ्या वाचते. बाई हे माझं अनुमान, अक्षर गोल आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने ‘पुढे कंटाळवाणे’, त्याखाली दुसऱ्याने ‘तुम्हाला’. पुस्तकावर लिहू नये असा बोर्ड दारातच लावलेला आहे, ते वेगळं.

यावर उपाय म्हणून काकांनी दोनेक वर्षांपूर्वी अभिप्राय वही ठेवली. लांबट, लाल कापडी पाठीची, हिशेबाची असते तशी. पुस्तक परत करताना वाटलं तर चार ओळी लिहायच्या. नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. मी आयुष्यात ताळेबंदाखालच्या टिपा सोडून काही लिहिलेलं नाही. पहिल्यांदा ‘चांगले आहे’ एवढंच लिहिलं तर पुढच्या वेळी खाली हिरव्या शाईत 212 ने विचारलेलं, ‘काय चांगले आहे?’ मग राग येऊन मी अर्धं पान लिहिलं. नायिकेने घर का सोडलं ते पटतं, पण ती सोडताना घरातल्या पैशाचा एकदाही विचार करत नाही, हे कसं, असं काहीसं. 212 ने उत्तर दिलं की लेखकाला पगार वेळेवर मिळत असावा. त्या दिवसापासून मी वाचताना डोक्यात वाक्यं जुळवायला लागले. कोपरखैरण्यापर्यंत एक ओळ जमते, सानपाड्याला ती फालतू वाटते. गंमत येते एवढं खरं.

आमच्या सासूबाई आषाढी एकादशीला नेम धरतात आणि कार्तिकीला सोडतात. कांदा-लसूण बंद आणि रोज पोथीचा एक अध्याय. संपली की परत पहिल्यापासून. यंदा पारायणं किती झाली असं आर्टिकलवाल्या पोरीसारखं मी त्यांना विचारलं, तर “ती काय मोजायची असतात होय गं?” मला कांदा सुटणं शक्य नाही. पण रात्री ओटा आवरला की त्या पोथी घेतात तेव्हा मीही समोरच्या खुर्चीत माझं घेऊन बसते. त्यांचा अध्याय संपला की त्या दिवा घालवतात, माझंही तिथेच थांबतं. मधल्या वेळेला नवऱ्याने टीव्ही लावला तर दोघी मिळून बघतो त्याच्याकडे.

गुण द्यायचे तर पाचापैकी चार. एक बाइंडरचा कापला.

जायचं असेल तर दोन गोष्टी. एक, दिवाळी अंकांची योजना वेगळी असते, वेगळी वर्गणी, आणि तिची नोंदणी गणपती उठले की सुरू होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याला लागलेलं हे व्यसन आहे. दसऱ्याला गेलात तर चांगले अंक आधीच लोकांच्या नंबरांवर लागलेले असतात आणि तुमच्या वाट्याला राशिभविष्य येतं. आणि दुसरं, सभासद व्हायला आधारची झेरॉक्स आणि अनामत रोख न्या. दुपारी एक ते पाच बंद, सोमवारी दिवसभर बंद. काकांनी ‘वाचायला काय देऊ?’ विचारलं तर आधी तुम्ही कामाला कुठे जाता ते सांगा.