घरी केलेला सुगंधी प्लेडो आणि लहान मुलांचे गणित : एप्रिल ते जानेवारी वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या एप्रिलपासून आमच्या अमळनेरच्या घरात मैद्याचा सुगंधी प्लेडो, म्हणजे मुलांनी हवे ते आकार करून खेळायचा मऊ गोळा, सतत वापरात आहे. तो वापरणारी मुले दोन : नुकतीच चार वर्षांची झालेली माझी मुलगी आणि जूनमध्ये पहिलीत गेलेला पुतण्या. दोघांना हाताने करून पाहता येईल असे गणित मिळावे, हा उद्देश होता. इतक्या महिन्यांनंतरचे मत आधीच सांगते. मोजणी शिकवण्यासाठी हे साधन मध्यम आहे. पण समान वाटणी, अर्धा-पाव आणि कमी-जास्त यांच्यासाठी घरातल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूपेक्षा ते सरस ठरले. सुगंधाचा त्यात वाटा आहे, मात्र सांगितला जातो तेवढा मोठा नाही.

आधी कृती. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल आणि एक छोटा चमचा लिंबूसत्त्व. बहुतेक कृतींत क्रीम ऑफ टार्टर असते, परंतु आम्ल म्हणून लिंबूसत्त्वाने काम भागते आणि ते कोणत्याही किराणा दुकानात मिळते. मैदा गुठळ्या न राहता पाण्यात कालवून मंद आचेवर सारखे ढवळत राहावे. कुरडईचा चीक शिजवताना जसा हात जड होत जातो, अगदी तसेच येथेही होते, आणि मिश्रण कढईची कड सोडून गोळा झाले की उतरवायचे. कोमट असताना तेलाच्या हाताने चांगले मळावे. पीठ शिजल्यामुळे त्यातील स्टार्च पाणी धरून ठेवतो; म्हणून शिजवलेला गोळा हाताला चिकटत नाही आणि न शिजवलेल्यापेक्षा बराच अधिक टिकतो. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात आणि लहान मुले बोटे तोंडात घालतातच, त्यामुळेही शिजवणेच योग्य.

मिठाबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. अनेकजण दोन वाट्या पिठाला पूर्ण वाटीभर मीठ घालतात. शंभर मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते. वाटीभर मीठ त्या मर्यादेच्या पलीकडे जाते आणि गोळा बोटांना खरखरीत लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४५ अंशांच्या घरात असतो. त्या कोरड्या उष्णतेत असा गोळा उघडा राहिला की पाणी उडून जाते आणि वर मिठाची पांढरी पुटे दिसू लागतात. अर्धी वाटी मीठ घातलेला गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात, वर ओलसर फडके घालून, उन्हाळाभर नीट राहिला. पावसाळ्यात प्रश्न उलटा झाला. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून घेते, आणि गोळ्याला पाझर सुटतो. श्रावणात तो कितीही मळला तरी लिबलिबीतच राहत असे. शेवटी थोडा थोडा करणे, फ्रिजमध्ये ठेवणे आणि बुरशीचा ठिपका दिसताच टाकून देणे, हाच मार्ग उरला. खान्देशात हे साधन ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात सर्वांत कमी त्रास देते, असे माझे मत आहे.

आता सुगंध. वेलची, बडीशेप, ओवा, सुंठ, वाळवून दळलेली लिंबाची साल, गुलाबपाणी आणि कॉफी हे सगळे वापरून झाले. ओवा तेलात मंद गरम करून, ते तेल गाळून घातले तर वास सर्वांत जास्त टिकतो. गुलाबपाणी शिजवताना घातले तर वास वाफेबरोबर निघून जातो. ते गोळा निवल्यावरच मळावे. वेलचीचा गोळा मुलीला खाऊ वाटे आणि ती तो चाटू पाही, म्हणून गोडसर वास मी बंद केले. ओव्याच्या आणि सुंठीच्या वाट्याला ती गेली नाही. कापूर, निलगिरीचे तेल, लवंगेचे तेल यांची शिफारस कोणी केली तरी ती मानू नये : कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात आणि तीव्र तेलांनी कातडी भाजल्यासारखी होते. एका नातेवाइकांनी आपला काळा मसालाच घाला असे हौसेने सुचवले होते. मिरची लागलेला हात डोळ्याकडे जाण्यास किती वेळ लागतो, हे त्यांना सांगावे लागले.

सुगंधाचा गणिताला खरा उपयोग वर्गीकरणात झाला. एकाच रंगाच्या लहान गोळ्यांपैकी काहींत ओवा आणि काहींत लिंबाची साल घातली, आणि मुलांना दोन ताटल्यांत वेगळे करायला सांगितले. रंग सारखा असल्याने डोळ्यांवर विसंबता येत नाही. कोणत्या गुणधर्मावरून गट करायचा, हे ठरवावेच लागते. पुढे त्याच गोळ्यांना चपटे आणि गोल असे दोन आकार दिले की एकाच वस्तूचे दोन गट संभवतात, हे पुतण्याच्या ध्यानात आले. मात्र तीन वासांच्या पुढे नाक थकते आणि सगळेच ओव्यासारखे वाटू लागते, त्यामुळे हा खेळ लवकर आटोपतो.

मोजणीत प्लेडो मागे का पडतो, याचे कारण त्याच्या स्वभावातच आहे. चिंचोके सुटे असतात. प्लेडोचे गोळे वळावे लागतात आणि ते कधीच सारखे होत नाहीत. मुलीला पाच लहान आणि तीन मोठे गोळे दाखवून जास्त कोठे आहेत असे विचारले, तेव्हा तिने मोठ्यांकडे बोट दाखवले. एकूण पीठ पाहिले तर तिचे म्हणणे चूक नव्हते. गोळे किती आणि पीठ किती हे दोन प्रश्न प्लेडो एकमेकांत मिसळतो. ज्याला अजून एकास एक लावून मोजता येत नाही, त्या मुलाचा त्याने गोंधळ होतो. दशक-एककासाठी दहा-दहा मण्यांच्या गटांची गणितमाळच चांगली. मातीची जागाही प्लेडो घेत नाही : पोळ्याला मुलांनी त्याचे बैल केले, तर पाय पोटाखाली दुमडून बैल बसले, आणि सासूबाईंनी "हाई काय शे?" असे विचारून शेतातली काळी माती आणवली.

परंतु हाच मिसळण्याचा गुण वाटणीच्या वेळी कामाला येतो. सात चिंचोके तिघांत वाटले की एक उरतो आणि खेळ तेथेच थांबतो. सात गोळे तिघांत वाटले की उरलेल्या एकाचेही तीन भाग करता येतात, आणि एक भाग मोठा झाला तर त्यातला चिमूटभर काढून दुसऱ्याला लावता येतो. पुतण्याने अपूर्णांक हा शब्द ऐकण्यापूर्वीच प्रत्येकाला दोन पूर्ण आणि वर एक तुकडा मिळतो, हे स्वतः करून पाहिले. गोळ्याची भाकरी थापून ती दोऱ्याने कापण्याचा खेळ तर अजूनही चालतो. सुरीपेक्षा दोरा बरा, कारण कड दबत नाही आणि चार पाव एकमेकांवर ठेवून ताडून पाहता येतात. घरात पावशेर, दीड, अडीच हे शब्द रोज कानावर पडतातच; मुलीने तीन पाव तुकडे लावून पाऊण भाकरी केली आणि चौथा आजीला दिला. मोठ्या भाकरीचा अर्धा आणि लहान भाकरीचा अर्धा शेजारी ठेवल्यावर मात्र दोन्ही मुलांमध्ये बराच वाद झाला. दोन्हींना अर्धाच म्हणतात, तरी ते सारखे नाहीत, हे मी समजावून सांगण्याऐवजी त्यांनाच भांडू दिले.

जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध प्रयोगही घरी करता येतो. दोन सारखे गोळे मुलाकडूनच तपासून घ्यावेत आणि मग एकाची लांब वळी करावी. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुले वळीत पीठ जास्त आहे असे सांगतात. मुलगी तसेच म्हणाली. हँगरला दोन वाट्या बांधून केलेल्या तराजूत गोळा आणि वळी समतोल राहिली, तरी तिचे मत बदलले नाही. पुतण्या मात्र पहिल्याच वेळी "काकू, तू फक्त लांब केलंस, घातलं तर काहीच नाही," असे म्हणाला. यात मुलाला चूक ठरवण्यात काही अर्थ नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारावे, एवढेच.

काही सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. हाताला खरचटले असेल तर मीठ झोंबते. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला हा गोळा देऊ नये. तांदळाचे पीठ घेता येते, पण तो लवकर तडकतो. घरात कुत्रा असेल तर गोळा जमिनीवर राहू देऊ नये, कारण एवढे मीठ त्याला घातक ठरू शकते. रंगासाठी हळद चालते, परंतु सतरंजीवरचा डाग निघत नाही. बिटाचा रस शिजताना तपकिरी पडतो.

जानेवारीपासून पुतण्या वहीवरच्या बेरजा-वजाबाक्यांत रमला आहे आणि प्लेडोकडे तो केवळ भाकरी कापायला येतो. मुलीसाठी तो अजून वर्षभर तरी लागेल. तिच्यासाठी आता मी एकाच वासाचा, बिनरंगाचा गोळा करते, आणि मोजणीचे चिंचोके वेगळ्या डब्यात ठेवते.