रियुनियन की मॉरिशस? दोन्हींच्या मध्ये अडकलेल्यांसाठी

माझ्या मावसबहिणीने परवा फोन करून विचारलं की दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशस ठरतंय पण कोणीतरी तिला रियुनियनचे फोटो पाठवलेत आणि आता डोकं फिरलंय, काय करू? मी दोन्हीकडे जाऊन आलोय, एकदा आईबाबांना घेऊन आणि एकदा ट्रेकच्या ग्रुपबरोबर. तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण हिंदी महासागरातली ही दोन बेटं नकाशात शेजारी दिसतात, मध्ये फक्त पावणेदोनशे किमीच्या आसपास समुद्र, विमानाने पाऊण तास, पण ट्रिप म्हणून दोन्ही एकदम वेगळ्या आहेत आणि चुकीचं बेट निवडलं तर पैसे जातातच वर सुट्टीही जाते.

आधी एक गोष्ट सांगतो जी मला स्वतःला फार भारी वाटते. आपला सह्याद्री ज्या लाव्हाने बनला, राजगडाचा तो काळा कातळ, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, हे सगळं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या ज्या तप्त जागेवरून भारत सरकत होता तिथून वर आलं असं भूगर्भवाले मानतात. भारत उत्तरेला सरकत गेला, ती जागा मागे राहिली, तिच्यावर ओळीने एकेक बेटं आणि समुद्राखालचे डोंगर तयार होत गेले, मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस आणि सगळ्यात शेवटी रियुनियन. त्या जागेला नावच रियुनियन हॉटस्पॉट आहे. म्हणजे रियुनियनला जो ज्वालामुखी आज धगधगतोय तो एका अर्थाने आपल्या गडांच्याच घरातला. हे डोक्यात ठेवून तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो, माझ्या आला.

तर फरक इथूनच सुरू होतो. मॉरिशसचा ज्वालामुखी कधीच थंड झालाय. क्युरपीप गावात त्रू ओ सेर्फ नावाचं विवर आहे, आता त्यात झाडं वाढलीत आणि लोक कडेने मॉर्निंग वॉक करतात. गंगातलाव, जिथे महाशिवरात्रीला लाखो लोक चालत जातात, तोही विवरातलाच तलाव. शामारेलची सात रंगांची माती पण जुना लाव्हा कुजूनच झालेली. सगळ्यात उंच शिखर 828 मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही बुटकं. डोंगर दिसायला देखणे आहेत, पण ट्रेकरची भूक भागत नाही हे स्पष्ट सांगतो.

रियुनियनला उलट. पितों दे नेज 3,070 मीटर, हिंदी महासागरातल्या बेटांवरचं सगळ्यात उंच शिखर. आणि पितों द ला फुर्नेज, 2,632 मीटर, जगातल्या सगळ्यात जागत्या ज्वालामुखींपैकी एक, गेल्या काही दशकांची सरासरी काढली तर वर्षाला एकदा तरी फुटतोच. घाबरू नका, हा राख उडवणारा स्फोटक प्रकार नाही, लाव्हा शांतपणे वाहत येतो आणि बहुतेक वेळा वस्ती नसलेल्या मोठ्या खोलगट भागातच राहतो. बहुतेक वेळा म्हटलं, नेहमी नाही. 1977 मध्ये लाव्हा पितों सेंत-रोझ गावात शिरला, चर्चच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही बाजूंनी वळून पुढे गेला, चर्च उभं राहिलं. आजही जाऊन बघता येतं, भिंतीला टेकून काळा थिजलेला लाव्हा, मी तिथे अर्धा तास नुसता बसून होतो. 2007 मध्ये तर वरच्या मुख्य विवराचा तळच तीनशे मीटरहून जास्त खाली कोसळला आणि लाव्हाने किनाऱ्याचा हायवे गिळला. आता त्या लाव्हावरूनच नवीन रस्ता जातो आणि कडेला पाट्या आहेत, कुठला प्रवाह कुठल्या वर्षाचा. गाडी चालवता चालवता आपण वर्षं मोजत जातो, जुन्या प्रवाहांवर नेचे आणि झाडं आलेली, नवे अजून कोळशासारखे काळे.

ज्वालामुखी बघायला पा द बेलकोंब नावाच्या पॉइंटपर्यंत गाडी जाते, 2,300 मीटरच्या वर. तिथे जायच्या आधी प्लेन दे साब्ल लागतं, लालसर काळ्या वाळूचं अफाट मैदान, एकही झाड नाही, पहिल्यांदा दिसलं तेव्हा आमच्या गाडीत सगळे गप्प झाले. पॉइंटवरून पाचशेच्या वर पायऱ्या उतरून विवराकडे चालायचं, जाऊन येऊन पाच-सहा तास धरा. पहाटेच निघा, कारण दहा-अकरानंतर ढग येतात आणि समोरचं काही दिसत नाही. लाव्हावर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्यात त्या सोडायच्या नाहीत. आणि उद्रेक सुरू झाला किंवा होण्याची लक्षणं दिसली की प्रशासन खालची वाट बंद करतं, तेव्हा एक दिवस हाताशी मोकळा ठेवा. जून ते ऑगस्टमध्ये तिथे पहाटे कडाक्याची थंडी असते, बीचचं बेट समजून नुसते टीशर्ट घेऊन गेलात तर हाल होतील, जाड जॅकेट लागतंच.

मग ती तीन सर्क. जुना ज्वालामुखी खचून झालेल्या प्रचंड खोल दऱ्या, सिलाओस, सालाझी आणि माफात. युनेस्कोने 2010 मध्ये हे शिखरं, सर्क आणि कडे सगळं मिळून जागतिक वारशात घेतलं. सिलाओसच्या रस्त्याला चारशेच्या वर वळणं आहेत, वरंध घाट ज्यांनी केलाय त्यांनीही उलटीची गोळी घ्यावी. सालाझीमध्ये एल-बूर गाव, रंगीत लाकडी क्रिओल, म्हणजे तिथल्या मिश्र वंशाच्या लोकांच्या धाटणीची घरं, छपराला जाळीदार झालर, समोर फुलांची बाग. पण माझं मन अडकलंय ते माफातमध्ये. तिथे रस्ताच नाही. आजही नाही. चालत जायचं नाहीतर हेलिकॉप्टर, सिलिंडर आणि सिमेंट पण हेलिकॉप्टरनेच येतं. ऊसमळ्यांवरून पळालेल्या गुलामांनी इथे आसरा घेतला होता आणि माफात हे नाव पण अशाच एका पळून आलेल्या म्होरक्याचं. आम्ही कोल दे ब्योफवरून दोन-अडीच तासात ला नूव्हेलला उतरलो आणि जीतमध्ये राहिलो, डोंगरातल्या मुक्कामाच्या घरांना तिकडे जीत म्हणतात, बंक बेड आणि सगळ्यांनी एकाच टेबलवर जेवण. जीतचं बुकिंग बरंच आधी करावं लागतं, ऐनवेळी मिळत नाही.

आता समुद्र, आणि इथे मॉरिशस सरळ जिंकतं. मॉरिशसला जवळपास चारी बाजूंनी प्रवाळाचं कडं आहे त्यामुळे आतलं पाणी शांत, उथळ, निळंशार, लहान मुलं आणि पोहता न येणारे आईबाबा पण निवांत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहू शकतात. ब्लू बे, इल ओ सेर्फ, ल मोर्न, सगळीकडे. रियुनियनला असं कडं फक्त पश्चिमेला, जेमतेम पंचवीस किमी. आणि शार्क. 2011 पासून तिथे हल्ले वाढले, माणसं गेली, म्हणून 2013 मध्ये लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतलं शांत पाणी, आणि देखरेखीच्या जागा सोडून बाकी सगळीकडे पोहायला आणि सर्फिंगला बंदी आली. लेर्मिताजच्या लगूनमध्ये मजेत पोहा, पण पाटी दिसली की पाटीचं ऐकायचं, स्थानिक पोरं उतरलीत म्हणून आपण उतरायचं नाही. ज्यांच्यासाठी सुट्टी म्हणजे समुद्र त्यांनी इथेच वाचणं थांबवून मॉरिशसचं तिकीट काढावं.

व्हिसाचं पण बघून घ्या कारण इथे लोक फसतात. मॉरिशसला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवायचं, मुंबईहून थेट विमान आहे, सहा-सात तास. रियुनियन मात्र 1946 पासून फ्रान्सचा जिल्हा आहे, युरो चालतो, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. म्हणजे तुमच्याकडे युरोपचा शेंगेन व्हिसा असला तरी तो आपोआप इथे चालत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाने हेच गृहीत धरलं होतं आणि शेवटच्या पंधरवड्यात जी धावपळ झाली ती विचारू नका. नियम बदलत असतात म्हणून तिकीट काढायच्या आधी फ्रेंच दूतावासाच्या साइटवर बघाच.

खर्च रियुनियनचा जास्त, युरोमुळे, आणि गाडी भाड्याने घेण्यावाचून गत्यंतर नाही. तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, मॉरिशसला आपल्यासारख्या डावीकडून. मॉरिशसला टॅक्सी ठरवली तरी भागतं, बस आहेत, पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंत मेट्रो पण झालीय. भाषेचंही तेच, मॉरिशसला इंग्रजी-हिंदीवर निभावतं, रियुनियनला छोट्या गावात फ्रेंच नाहीतर क्रिओल, बाकी काही नाही. मोबाइलमध्ये भाषांतराचं ॲप ऑफलाइन टाकून न्या.

शाकाहारी असाल तर मॉरिशस म्हणजे माहेर. ढोल पुरी खाल्ल्याशिवाय येऊ नका, हरभऱ्याची डाळ वाटून भरलेली मऊ पोळी, गूळ नसलेली पुरणपोळीच म्हणा, त्यात वालासारख्या दाण्यांची भाजी आणि चटणी घालून कागदात गुंडाळून देतात, दोन-दोनची जोडी. आईने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली अगं ही तर आपलीच. रियुनियनला रोजचं जेवण म्हणजे भात, कारी, डाळी किंवा राजमा आणि सोबत रुगाय. मुख्य कारी बहुतेक वेळा चिकन, मासे किंवा डुकराच्या सॉसेजची. पण उपाशी राहत नाही कोणी, सिलाओसची मसूर फार चवदार असते, ब्रेद म्हणजे पालेभाजी, त्यात चक्क शेवग्याचा पाला पण असतो, टोमॅटोचा रुगाय आपल्या ठेच्याच्या जवळचा आणि शेंगदाण्याचा रुगाय म्हणजे शेंगदाण्याची चटणीच. जीतवाल्यांना दोन दिवस आधी कळवलं तर ते वेगळं करून देतात.

क्रिओल संस्कृती दोन्हीकडे आहे पण वेगळ्या तोंडवळ्याची. मॉरिशसला सेगा, रियुनियनला मालोया. मालोया गुलामांच्या वंशजांचं गाणं, रूलेर नावाचा ढोल आणि कायाम्ब, उसाच्या तुऱ्याच्या काड्यांच्या चौकटीत बिया भरून केलेलं वाद्य. बरीच वर्षं ते सरकारदरबारी दाबून ठेवलेलं होतं, 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. 20 डिसेंबरला, 1848 मध्ये गुलामी संपली तो दिवस, गल्लोगल्ली मालोया वाजतं. आणि व्हॅनिलाच्या बागेत गेलात तर एदमों आल्बियुसचं नाव आवर्जून विचारा. बारा वर्षांचा गुलाम मुलगा, 1841 मध्ये त्याने एका काडीने व्हॅनिलाचं फूल हाताने फळवायची युक्ती शोधली, आजही जगभर बागांमधून तेच करतात. त्या पोराला त्याचा फायदा काही मिळाला नाही, गरिबीतच गेला, हे ऐकून वाईट वाटलं.

मॉरिशसचं मात्र एक असं आहे जे रियुनियन आपल्याला देऊ शकत नाही. तिथे आपली माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मुंबई बंदरामार्गे गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज, घरात क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, जिथे ही माणसं जहाजातून उतरायची, त्या दगडी पायऱ्यांवर बाबा बराच वेळ काही न बोलता उभे होते. ती जागा अर्ध्या तासात उरकू नका.

कधी जायचं तर मे ते नोव्हेंबर, दोन्हीकडे. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा मोसम, आणि रियुनियनचा पाऊस साधा नाही, चोवीस तासातल्या पावसाचा जागतिक विक्रम तिथलाच आहे, फॉक-फॉकला जानेवारी 1966 मध्ये 1,825 मिमी, म्हणजे पुण्यात दोन वर्षांत पडतो त्याहून जास्त एका दिवसात. दिवाळीची सुट्टी चांगली, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर देवमासे पण दिसतात.

बहिणीला मी शेवटी काय सांगितलं, तर सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा बरोबर असतील तर मॉरिशस, विचारच करू नको. दोघंच जाणार असाल आणि गुडघे धड असतील तर रियुनियन, आणि किमान सात रात्री. दहा-अकरा दिवस असतील तरच दोन्ही जोड, आधी रियुनियनला चालून पाय दुखवून घे आणि मग मॉरिशसच्या पाण्यात बस. आठवड्यात दोन्ही कोंबायचं पॅकेज कोणी देत असेल तर घेऊ नको, त्यात रियुनियनचे दोनच दिवस येतात आणि त्यातल्या एका दिवशी ढग असतात. तिने अजून ठरवलेलं नाही, सासूबाईंना विचारून सांगते म्हणालीय.