साताऱ्याची बॅच पन्नाशीपुढच्या पायांना झेपते का?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी पुण्यातला एक जुना रनिंग क्लब 16 आठवड्यांची बॅच घेतो. आम्ही ती एकाच बाजूने पाहिली: पन्नाशी उलटलेल्या, टाच किंवा गुडघा अधूनमधून कुरकुरणाऱ्या माणसाने ती लावावी का? जरूर लावावी, पण वेळापत्रक जसंच्या तसं पाळू नये.

मंगळवारी ट्रॅकवर इंटरव्हल (मध्ये दम घेत जोरात मारायच्या फेऱ्या), गुरुवारी ताकदीचे व्यायाम, शनिवारी पुण्याजवळचा बोपदेव घाट, रविवारी लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याची सावकाश धाव, असा आठवडा असतो. खरी अडचण शनिवार-रविवारची आहे. या वयात पोटरी आणि टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलिस, सावरायला वेळ घेते. लागोपाठ दोन दिवस ताण पडला की सोमवारी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल लंगडतं. म्हणून एका आठवड्यात घाट, पुढच्या आठवड्यात लाँग रन असं आलटून पालटून करावं. मंगळवारच्या 800 मीटरच्या सहा फेऱ्यांऐवजी चार पुरेत, आणि शेवटची फेरी जोरात मारायचा मोह टाळावा. पोटरी धरते ती बहुतेक तेव्हाच.

गुरुवारचा तास बॅचमधला सर्वांत मोलाचा. धावताना पोटरीच्या आतल्या स्नायूवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि वयाबरोबर आधी उतरते ती हीच ताकद. क्लबमध्ये सगळ्यांना पायरीच्या कडेला उभं करून टाच पायरीखाली उतरवायला लावतात: 15 चे तीन सेट, गुडघा सरळ ठेवून आणि पुन्हा वाकवून. अकिलिसच्या मधल्या भागातल्या दुखण्याला हा व्यायाम उत्तम. पण तो सगळ्यांना एकसारखा देणं चूक आहे. शीर चिमटीत धरून खालून वर दाबत जा. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर दुखलं तर पायरी चालेल. शीर हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल, तर टाच खाली गेल्यावर ती हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं. अशांनी सपाट जमिनीवरच टाचा उचलाव्यात. दुखतं नेमकं कुठे, हे इथे कुणी विचारत नाही. आपणच सांगावं.

करताना थोडं दुखलं तर घाबरू नये. दहापैकी पाचपर्यंत चालतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं हवं.

क्लबची मोठी उणीव उताराची. साताऱ्याचा मार्ग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जातो आणि त्याच वाटेने परत येतो, म्हणजे चढाइतकाच उतार. बोपदेवला मात्र सगळा भर चढण्यावर असतो, आणि उतरताना 'आरामात या' एवढीच सूचना. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू लांबत असताना ब्रेक लावतात. सवय नसेल तर ते दोन दिवस आखडतात आणि गुडघ्याच्या वाटीवरचा दाब वाढतो. चौथ्या आठवड्यापासून एक किलोमीटर उतार धावायला घ्यावा आणि दर दोन आठवड्यांनी अर्धा किलोमीटर वाढवावा. पावलं आखूड, मिनिटाला नेहमीपेक्षा पाच ते दहा टक्के जास्त. एवढ्याशा सरावानेही स्नायू पुढचे काही आठवडे बऱ्यापैकी तयार राहतात. पावसात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय टाकू नये, फार निसरड्या होतात.

पेसर, म्हणजे ठरलेल्या वेगाने गटाला सोबत नेणारे धावपटू, चांगले, शांत आणि वेळेचे पक्के. पाण्याची सोयही चोख. घड्याळावरची कमाल हृदयगती मात्र 220 वजा वय या हिशोबाने लावून देतात. साठीच्या माणसाला तो 160 देतो, तर या वयात जास्त जवळ जाणाऱ्या दुसऱ्या हिशोबाने, 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा केलं की 166 येतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना दोन्ही आकडे निरुपयोगी. त्यांनी एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येतंय का, एवढंच पाहावं.

दुखापतीने दोन आठवडे बुडाले तर क्लब सरळ चालू आठवड्यात सामील करून घेतो. तसं जाऊ नये. आधी अर्धा तास भरभर चालून काही दुखत नाही ना पाहावं, मग एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं. बाकीचे नवव्या आठवड्यात असताना आपण सातव्याचं अंतर हळू पेसरबरोबर धावायला क्लबची हरकत नसते, फक्त आधी विचारावं लागतं.