सैनिकाची कबर शोधून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

आमच्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये इटलीत संग्रो नदीच्या लढाईत ते गेले. घरी तार आली, मागून पदकं आली, आणि संपलं. आमच्या चिखली तालुक्यातल्या घरी अजूनही पितरपाटात त्यांच्या नावाचं पान वाढतात. यंदा सोयाबीन विकल्यावर वडील म्हणाले, "आता जाऊनच येऊ. महिनाभर राहू, ते लढले ती गावं पाहू." वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे.

सोयऱ्यांच्या ओळखीतून एक एजंट घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, "काका, तुमी फक्त बॅग भरा, बाकी सारं माह्यावर सोडा." कबर शोधायची फी, 'युद्धस्मशान परवाना', 'शंभर टक्के व्हिसा' आणि विमानाची तिकिटं असं करत त्याने दोन लाख साठ हजार घेतले. सगळे यूपीआयने, आणि दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर. खातं बदललं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, कंपनीचं ऑडिट चालू आहे.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिशांच्या बाजूने लढताना गेलेल्या, म्हणजे आपल्याही, सैनिकांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था ठेवते, १९१७ पासून. त्यांच्या साइटवर शोध फुकट आहे. आपल्याकडची नावं त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगमुळे पटकन सापडत नाहीत, म्हणून घरच्या जुन्या कागदावर सैनिक क्रमांक असेल तर तो टाकून पाहा. स्मशानभूमीत जायलाही परवाना नाही की तिकीट नाही.

एजंटने वडिलांना मोबाइलवर कबरीचा फोटो दाखवला होता. पांढरा दगड, त्यावर मोठ्या आजोबांचं नाव. वडिलांनी चष्मा पुसला, फोन कपाळाला लावला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. नागपूरला शिकणाऱ्या पुतणीने कमिशनच्या साइटवरून त्यांची नोंद काढली तेव्हा कळलं की कबर नाहीच. संग्रोला ज्यांना अग्नी दिला अशा पाचशेहून जास्त भारतीय सैनिकांची नावं तिथल्या दहन-स्मारकावर कोरलेली आहेत, आणि त्यांचंही नाव तिथंच आहे. मग फोटो मोठा करून पाहिला. दगडावर डाग होते, भेगा होत्या, पण नावाची अक्षरं मात्र कोरी करकरीत, वरून चिकटवलेली. पैसे गेले त्यापेक्षा हे मला जास्त लागलं. पितरांच्या नावाने हात जोडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला असं लुबाडायला काळीज कसं होतं?

परवान्यावर 'इटली दूतावास, नागपूर' असा गोल निळा शिक्का होता. इटलीचा दूतावास दिल्लीत आहे आणि महाराष्ट्रासाठीचा वाणिज्य दूतावास मुंबईत. व्हिसा द्यायचा की नाही हे तेच ठरवतात, त्यामुळे शंभर टक्के खात्री कोणताही एजंट देऊ शकत नाही. इटलीला जायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतो; मोठ्या माणसाची त्याची फी ९० युरो आहे, वर व्हिसा केंद्राचा सेवाखर्च. पहिल्यांदा जाणाऱ्याला बोटांचे ठसे स्वतः द्यावेच लागतात. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. ठसे न देताच व्हिसा मिळेल असं कोणी म्हणालं तर तिथंच उठा. तिकिटाचा पीएनआर, म्हणजे बुकिंग क्रमांक, विमान कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून पाहा. आमचा टाकला तर असं बुकिंगच नव्हतं.

खरं कळलं त्याच दिवशी आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि ठाण्यात तक्रार दिली. एका खात्यातली थोडी रक्कम बँकेने गोठवली आहे. बाकीची खाती रिकामी निघाली. हा फोन जितक्या लवकर होईल तितकं बरं, कारण पैसे तासाभरात पुढे सरकतात.

वडिलांचं जाणं रद्द झालेलं नाही. अर्ज आता पुतणी भरते आहे. ठाण्यात कळलं की आसपासच्या गावांतही त्याने असेच पैसे घेतले आहेत, पण माणसं लाजेने बोलत नाहीत. चिखली, मेहकर भागात कोणी असं काही भरलं असेल तर बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज घेऊन ठाण्यात जा. मेसेज खोडू नका. तुमच्या आणि आमच्या तक्रारीत एकच खातं निघालं, तर तपास त्याच्यापर्यंत लवकर पोचेल.